शंभर वर्षांपूर्वीचं हॉट जॅझ आजचे तरुण वादक का वाजवतात? ही नुसती नक्कल नाही का?

सुरुवात नकलेपासून होते, हे खरंच आहे. पण तिथेच थांबलेला बँड कुठला आणि तिथून पुढे गेलेला कुठला, हे दोन-तीन गाणी ऐकली की कानाला कळतं. पुढे गेलेल्यांसाठी मी हे संगीत गेली कित्येक वर्षं मन लावून ऐकतोय, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

हॉट जॅझ हे मुळात नाचाचं संगीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते न्यू ऑर्लिन्समध्ये घडलं आणि १९२० च्या दशकात शिकागोला पोचून रेकॉर्डवर उतरलं. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, पण आखूड पितळी वाद्य) किंवा ट्रम्पेट मूळ चाल धरून ठेवतं. क्लॅरिनेट तिच्या वरून झरझर वेलबुट्टी काढत जातं. ट्रॉम्बोन खालून सूर ओढत, घसरवत दोघांमधल्या फटी भरतो. आणि हे तिघंही एकाच वेळी, तिथल्या तिथे सुचेल ते वाजवत असतात. त्यांच्याखाली बँजो, ट्यूबा (खर्जातलं मोठं पितळी वाद्य) आणि ड्रम ठेका सांभाळतात. ड्रमऐवजी कधी कधी वॉशबोर्डही असतो, म्हणजे कपडे घासायची पन्हळी पत्र्याची फळी.

पुढे कॉर्नेट आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्या लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या बँडच्या रेकॉर्ड आल्या (१९२५ ते १९२८), आणि एकट्याने वाजवायच्या सोलोचं तेज सगळ्यांना दिसलं. ते तेज खरंच होतं. पण त्यानंतर जॅझ सोलोच्या वाटेने गेलं आणि सगळ्यांनी मिळून गुंफण्याची कला मागे पडली. आजचे तरुण नेमकी तीच शोधताहेत, असं माझं ठाम मत आहे. स्वतःचा सूर चालू असताना शेजारच्या दोघांना ऐकायचं आणि त्यांना जागा ठेवायची, हे एकट्याने खोलीत रियाज करून साधत नाही.

असं पुनरुज्जीवन पहिल्यांदा होतंय असंही नाही. १९४० च्या आसपास सॅन फ्रान्सिस्कोत लू वॉटर्सच्या बँडने १९२० च्या दशकातल्या कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरची शैली पुन्हा वाजवायला घेतली. त्याच सुमारास काही रसिकांनी लुइझियानातल्या न्यू आयबेरिया गावात बंक जॉन्सन हा म्हातारा ट्रम्पेटवादक शोधून काढला. त्याचे दात गेले होते आणि दातांशिवाय ट्रम्पेट वाजत नाही. मग रसिकांनी पैसे जमवले, सिडनी बेशे या थोर क्लॅरिनेटवादकाच्या दंतवैद्य भावाने कवळी बसवली आणि १९४२ मध्ये बंकच्या रेकॉर्ड निघाल्या. तेव्हा जुनी माणसं हयात होती, त्यांना विचारता येत होतं. आजच्या पिढीपुढे उरल्या आहेत त्या फक्त रेकॉर्ड.

खरी अडचण इथेच आहे. किंग ऑलिव्हरच्या बँडने १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीत ध्वनिमुद्रण केलं तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सगळे जण एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवत. मोठ्या ढोलाच्या दणक्याने मेणावर रेघ कोरणारी सुई उडायची, म्हणून ड्रमवादक बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. तबकडीवर मावायचं जेमतेम तीन मिनिटांचं वादन. तोच बँड शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये नाचणाऱ्या गर्दीसमोर वाजवायचा तेव्हा तीन मिनिटांचं बंधन नव्हतं, ढोलही होता. आता जो तरुण रेकॉर्ड जशीच्या तशी उतरवून काढतो, तो त्या कर्ण्याच्या मर्यादाही उतरवून घेतो. संगीत परत मिळवायचं तर रेकॉर्ड पाठ करून मग तिच्यातून बाहेर पडावं लागतं.

ट्यूबा स्किनी हा न्यू ऑर्लिन्सचा बँड मला म्हणूनच सगळ्यात जवळचा वाटतो. कॅटरिना वादळ २००५ मध्ये आलं. त्यानंतरच्या काळात, २००९ मध्ये हा बँड उभा राहिला आणि रॉयल स्ट्रीटवर भररस्त्यात, पुढ्यात पैशांसाठी बादली ठेवून वाजवू लागला. कॉर्नेट वाजवणारी शे कोन ही सॅक्सोफोनवादक अल कोन यांची नात, मुळात पियानो शिकलेली. ती मिरवत नाही. चाल साधी ठेवते आणि बाकीच्यांना तिच्याभोवती फिरू देते. सोलो आखूड, गुंफण लांब. फारसं कुणी न वाजवलेली जुनी गाणी हे लोक हुडकून काढतात, शिवाय त्याच भाषेत नव्या चालीही बांधतात. रस्त्यावर एक फायदा असा, की कंटाळलेला माणूस सरळ चालू लागतो. ते शिक्षण कुठल्याच वर्गात मिळत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काढलेले व्हिडिओ यूट्यूबवर गेले आणि हा बँड जगभर पोचला.

एक गोष्ट मात्र झाकू नये. हे संगीत काळ्या आणि क्रिओल (तिथल्या मिश्र वंशाच्या) लोकांनी घडवलं, आणि रस्त्यावरच्या या नव्या लाटेतले बरेच वादक गोरे आणि बाहेरगावचे आहेत. तिथल्या काळ्या वस्तीत परंपरा वेगळ्या वाटेने टिकली. बँजोवादक डॅनी बार्कर न्यू ऑर्लिन्सला परतले आणि १९७० च्या सुमारास त्यांनी फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या मुलांचा ब्रास बँड उभा केला. ट्रम्पेटवादक लेरॉय जोन्स आणि क्लॅरिनेटवादक डॉ. मायकेल व्हाइट त्यातूनच पुढे आले. पुनरुज्जीवनाची गोष्ट सांगताना बार्कर यांचं नाव राहून गेलं, तर ती गोष्ट अर्धीच राहते.

आणि नकलेबद्दल म्हणाल तर आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये लिऑन ॲबे, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे अमेरिकन काळे वादक वाजवायला आले आणि गोव्याच्या वादकांनी त्यांच्याकडून ऐकून भरभरून घेतलं. गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट तर हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जायचा. पण तो तिथेच राहिला नाही. सी. रामचंद्र यांचा सहायक झाला आणि १९५१ च्या 'अलबेला'मधली त्याची ट्रम्पेट आजही मराठी घरांत ओळखीची आहे. पडद्यावरही तो बँडसह दिसतो.

ऐकायचं असेल तर आधी ऑलिव्हरच्या १९२३ च्या रेकॉर्ड घ्या. अमेरिकेत त्या २०२४ पासून सार्वजनिक मालकीच्या झाल्यात, सहज मिळतात. खरखर खूप आहे, पण दोन-तीनदा ऐकल्यावर तिच्यामागचे दोन कॉर्नेट वेगळे ऐकू येतात: एक ऑलिव्हर, दुसरा विशीतला आर्मस्ट्राँग. मग ट्यूबा स्किनीचं रस्त्यावरचं कुठलंही चित्रण लावा आणि पहिल्या खेपेला फक्त ट्रॉम्बोनच्या मागे मागे जा.