बरगडीवर टॅटू काढताना फार दुखतं का? मनगट बरं की बरगडी?

दुखतं, आणि बरगडीवर जास्तच दुखतं. एवढंच हवं असेल तर इथेच थांबा, पुढचं मी माझ्या मावसभावासाठी लिहितोय.

2019 साली आम्ही दोघं एकाच दिवशी इंदूरच्या विजयनगरमधल्या एका दुकानात गेलो. त्याने दंडावर बाहेरच्या बाजूला त्रिशूळ काढला. मला आजीच्या हातावर होतं तसं तुळशीवृंदावन हवं होतं. ऑफिसात दिसू नये म्हणून डावी बरगडी निवडली. त्या दिवशी नेमकी संकष्टी. सकाळी खजरान्याच्या गणपतीला जाऊन आलो होतो, पोटात फक्त दोन कप चहा. भाऊसाहेब मात्र छप्पन दुकानला पोहे-जिलेबी हाणून, वर शिकंजी पिऊन आलेले.

बरगडीवर मांस नसतं, कातडी पातळ, खाली थेट हाड, आणि श्वास घेतला की सगळं हलतं. "भिया, सांस धीरे लो," असं तो टॅटूवाला तीनदा म्हणाला. रेघ मारताना तापलेलं ब्लेड ओढल्यासारखं वाटतं, आणि मशीनची थरथर मला पार खांद्याच्या फळीत जाणवत होती. सगळ्यात वाईट म्हणजे सोललेल्या जागी मधूनमधून टिश्यूने पुसतात ते. वृंदावनाची तिसरी पायरी झाली, कानात दडे बसले, ट्यूबलाइट लांब लांब गेली. डोळे उघडले तेव्हा पाय स्टुलावर, हातात फ्रूटी आणि समोर मावसभाऊ फोनवर व्हिडिओ काढतोय.

तेव्हापासून लग्न असो की बारसं, "सुईला घाबरून पडला" हे ठरलेलं.

अरे, उपाशी पोट, वरून ताण. अशा वेळी नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, डोक्याला रक्त कमी पडतं आणि माणूस आडवा होतो. त्यात हिमतीचा काय संबंध? दंडाची बाहेरची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, या सगळ्यात सोप्या जागा. बरगडी, काख, गुडघ्याची मागची बाजू, पाऊल इथे बसून दाखव म्हणावं. आणि तेही रात्रभर जागून, रिकाम्या पोटी. माणूस तोच असला तरी झोप झालेली नसेल तर त्याच जागी जास्त दुखतं.

त्याचं दुसरं पालुपद: "आजीने सुयांनी गोंदवून घेतलं, हूं की चूं नाही केलं." मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "आठ वर्षांची होते. दोघींनी धरून ठेवलं होतं, आणि मी गोंदणारणीला चावले." हे मावशीलाही माहीत आहे, पण ती मुलाच्या बाजूची.

असो. तुम्ही जाल तेव्हा पोटभर जेवून जा, आदल्या रात्री दारू नको, रक्त जास्त येतं. बधिर करणारं क्रीम मिळतं, पण मोठं काम असेल तर मध्येच उतरतं, मग दुप्पट झोंबल्यासारखं होतं. त्वचेचा काही त्रास असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. आणि टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

मनगटाचा मला अनुभव नाही. आतली बाजू झोंबते असं बायको म्हणते, तिचं तिथे आहे. माझ्या वृंदावनाच्या मात्र अजून तीनच पायऱ्या आहेत.