पॉवर कॉर्ड वाजवताना ॲम्पवर नुसता गोंगाट होतो. त्या नीट कशा शिकाव्यात?

तुम्ही लिहिलंय की एफची बार कॉर्ड (तर्जनीने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायची कॉर्ड) बसत नाही म्हणून पॉवर कॉर्डकडे वळलात, पण ॲम्पवर गेन, म्हणजे आवाज फाटवणारी मात्रा, वाढवला की स्वर ऐकूच येत नाहीत, नुसता कल्ला होतो. मी गिटार शिकवते आणि ही तक्रार सतत ऐकते. पॉवर कॉर्डमध्ये तीन तारा दाबणं सोपं आहे. उरलेल्या तीन तारा गप्प ठेवणं, हे खरं काम. तुमच्या गोंगाटाचं मूळ बहुधा तिथेच आहे.

आधी बोटं. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर पाचव्या फ्रेटला (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तर्जनी. पाचव्या तारेवर सातव्या फ्रेटला अनामिका आणि चौथ्या तारेवर सातव्याच फ्रेटला करंगळी. ही एची पॉवर कॉर्ड. एला सा मानलं तर यात सा, प आणि वरचा सा एवढंच आहे. पंचमात लावलेल्या तानपुऱ्याचेच हे स्वर. ग नाही, म्हणून ही मेजरही नाही आणि मायनरही नाही. सुरुवात मुद्दाम पाचव्या फ्रेटवर करायची, कारण नेहमीच्या साडेपंचवीस इंची स्केलच्या (मोकळ्या तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटचं अंतर सुमारे ६७ मिलिमीटर असतं, तर पाचव्या ते सातव्याचं सुमारे ५३. हाताला तेवढा ताण कमी.

एफ सोडून दिली असं समजू नका. तुम्हाला छळणाऱ्या बार कॉर्डच्या जाड तीन तारा म्हणजे हाच आकार आहे. त्यात तर्जनीने सगळ्या तारा दाबल्या आणि मधलं बोट तिसऱ्या तारेवर पुढच्या फ्रेटला टेकवलं की शुद्ध ग येतो, कॉर्ड मेजर होते. ते बोट उचललं की कोमल ग, कॉर्ड मायनर. म्हणजे पॉवर कॉर्डवर घालवलेला वेळ बार कॉर्डच्याच खात्यात जमा होतोय.

आता गेन. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गेन वाढवून फाटलेल्या आवाजात, दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वर तयार होतो. आपला ए ११० हर्ट्‌झचा, त्याचा पंचम सुमारे १६५. फरक ५५, म्हणजे पुन्हा एच, एक सप्तक खाली. म्हणून दोनच बोटांत एवढा भरीव आवाज मिळतो. तेच एसोबत शुद्ध ग घेतला तर तो गिटारवर १३८.६ हर्ट्‌झला पडतो. फरक २८.६, आणि दोन सप्तकं खालचा सुरातला ए असतो २७.५ वर. तिथे गढूळपणा सुरू होतो. चुकून छेडल्या गेलेल्या मोकळ्या तारेचंही तसंच. गेन नसताना ती कुजबुजते, गेन चढवला की कॉर्डमधल्या प्रत्येक स्वराशी भांडते. हा फाटका आवाज लोकांना इतका हवाहवासा वाटायचा की १९६४ साली द किंक्स या ब्रिटिश रॉक बँडच्या डेव्ह डेव्हिसने त्यासाठी ॲम्पच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला होता. तुमच्या ॲम्पवर मात्र गेनचं बटण सध्या अर्ध्याच्या खालीच ठेवा.

तारा गप्प करायच्या त्या अशा. तर्जनी ताठ उभी ठेवू नका, थोडी आडवी पडू द्या. टोकाने सहावी तार दाबायची आणि बोटाच्या उरलेल्या भागाने तिसरी, दुसरी, पहिली तार नुसती स्पर्शात ठेवायची. जोर अजिबात नको. इथे एक अडचण हमखास येते: पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर तारेला हलका स्पर्श झाला की ती बंद होण्याऐवजी घंटीसारखा हार्मोनिक देते. उपाय म्हणजे एकाच जागी स्पर्श नको. अनामिका आणि करंगळीही किंचित पसरवून त्याच बारीक तारांवर टेकू द्या. दोन ठिकाणी अडवलेली तार बोलत नाही. मूळ स्वर पाचव्या तारेवर असेल तेव्हा तर्जनीचं टोक थोडं पुढे सरकवून सहाव्या तारेला नुसतं टेकवायचं, म्हणजे तिचा घरघराट थांबतो.

तपासायचं कसं? ॲम्प बंद करा, आकार धरा आणि सहाही तारा एकेक करून सावकाश छेडा. तीन स्वच्छ वाजल्या पाहिजेत, तीन ठक्क. हे जमेपर्यंत मी कोणालाही डिस्टॉर्शन लावू देत नाही. मुलं नाराज होतात, पण यावर मी ठाम आहे.

उजव्या हाताचा तळवा करंगळीच्या बाजूने ब्रिजला (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात ती पट्टी) टेकवा. तो अर्धा सेंटिमीटर पुढे सरकला तरी स्वर मरतो आणि मागे गेला तर मोकळा सुटतो. ती जागा ज्याची त्याने कानाने शोधायची. कॉर्ड बदलताना बोटं तारेवरून उचलू नका, फक्त दाब सैल करून सरकवा. मेट्रोनोम ६० वर, पिक फक्त वरून खाली: पाचवा फ्रेट, आठवा, दहावा, तिसरा. म्हणजे ए, सी, डी, जी. हाच आकार पाचव्या तारेवर जसाच्या तसा चालतो. चौथ्या तारेवर मात्र करंगळी एक फ्रेट पुढे न्यावी लागते, कारण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत बाकी तारांपेक्षा अर्धा स्वर कमी अंतर आहे.

करंगळी दुखत असेल तर ती सोडा. सा आणि प दोनच वाजवले तरी कॉर्ड पूर्ण आहे. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. सतराव्या वर्षी बर्मिंगहॅममधल्या कारखान्यात याच हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, बॅन्जोच्या पातळ तारा गिटारला लावल्या आणि पुढे १९७१ पासून गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून वाजवली, म्हणजे तारा आणखी सैल. तेव्हा हातावर जबरदस्ती करण्याआधी गिटारवर कोणत्या तारा आहेत ते पाहा. ०.०११ इंचाच्या (ही सर्वांत बारीक तारेची जाडी) संचाऐवजी ०.००९चा लावून बघा आणि तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर दुकानात सांगून ॲक्शन खाली करून घ्या. मनगटात कळ आली तर मात्र त्या दिवशी गिटार खाली ठेवा.