लहानपणीच्या गोळ्यांमुळे सिगारेट लागली का?

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा आहे. दहाव्या वर्षी त्याला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असल्याचं निदान झालं. दहावीपर्यंत त्यावरचं मिथाइलफेनिडेट हे औषध चालू होतं, मग आम्हीच बंद केलं. आता रोज दहा-बारा सिगारेटी ओढतो. चारदा सोडल्या, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. घरचे म्हणतात, त्या गोळ्यांनीच व्यसनाची चटक लावली. खरं आहे का?
– एक आई

उत्तर : नाही, ताई. हा सल मनातून काढून टाका. अशा मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला, तेव्हा गोळ्यांनी व्यसनाचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. धोका वाढतो तो एडीएचडीमुळेच. उद्याच्या फायद्यापेक्षा आत्ताचं सुख या मेंदूला जास्त ओढतं आणि स्वतःला थोपवणं जड जातं. त्यात निकोटिनने थोडा वेळ लक्ष खरोखरच लागतं, म्हणून अभ्यासाला बसताना हात पाकिटाकडे जातो.

तिसऱ्या दिवसाचंही कारण आहे. सिगारेट सोडल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो. चिडचिड होते, चैन पडत नाही, लक्ष उडतं. त्याचं लक्ष आधीच उडतं, आता दुप्पट उडतं. 'मनावर घेत नाही' असं कृपा करून म्हणू नका.

निकोटिनचं च्युइंगगम नीट वापरून बघा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीने. नाहीतर २ मिलिग्रॅमचं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक. चुकतं ते चघळण्यात. भराभर चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. उचक्या लागतात, मळमळतं आणि तलफ तशीच राहते. सावकाश चावायचं, जीभ चुणचुणली की गालात धरून ठेवायचं, चुणचुण गेली की पुन्हा चावायचं. साधारण अर्धा तास. आधीची १५ मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. मुलगा वेळ विसरणारच, तेव्हा मोबाइलवर गजर लावा.

सोबत मानसोपचारतज्ज्ञांकडून एडीएचडीची पुन्हा तपासणी करून घ्या. दोन्हींचे उपचार एकत्र चालू शकतात. मिथाइलफेनिडेट पुन्हा द्यायचं ठरलं तर आधी रक्तदाब आणि नाडी तपासतात. मित्रांत गोळ्या वाटल्या जाण्याची भीती असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. ॲटोमॉक्सेटिन या एडीएचडीवरच्याच, पण नशेसाठी सहसा न वापरल्या जाणाऱ्या औषधाचा पर्याय आहे, मात्र त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर च्युइंगगम सोडू देऊ नका.

जवळ डॉक्टर नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.