‘हिची क्रिएटिव्हिटी गेली का हो, मॅडम?’

पाचवीतल्या मुलीला घेऊन आईबाबा आले. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पहिली-दुसरीत दिवसभर कागद रंगवणारी पोरगी वर्षभर रंगांना हात लावत नव्हती. सोबत प्रशस्तिपत्रकांची जाडजूड फाईल.

चौथी-पाचवीतल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. सर्जनशीलतेच्या चाचण्या बनवणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांनाही १९६०च्या दशकात चौथीच्या आसपास बऱ्याच मुलांचे गुण घसरलेले दिसले होते. पुढे पुष्कळ जण सावरलेही. नंतरच्या अभ्यासांत अशी घसरण सगळीकडे दिसली नाही, तेव्हा खापर वयावर फोडून मोकळं होता येत नाही.

मुलीशी एकटीशी बोलले. कागद पुढे केला तर म्हणाली, “विषय काय?” मग पट्टीने चौकट आखली. दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, नारळाचं झाड. “असं काढलं की नंबर येतो,” हेही तिनेच सांगितलं. कंटाळा चेहऱ्यावर दिसत होता. कागद बाजूला ठेवून विचारलं, स्टीलच्या रिकाम्या डब्याचं काय काय करता येईल? (नेहमीच्या वस्तूचे वेगळे उपयोग विचारायची ही पद्धत मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांची.) ढोल, पालीचा तुरुंग, आजोबांची कवळी लपवायची जागा... थांबेचना! कल्पनाशक्ती जागच्या जागी होती.

मग आईबाबांना १९७३चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग सांगितला. चित्रं काढायची आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे कौतुक करू नये असं नाही. आधी आमिष दाखवलं की घोटाळा होतो.

“पण पुढे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे दहावीला मार्क मिळतात ना?” बाबा. पाचवीतच!

सहा महिने स्पर्धा बंद, फॅमिली ग्रुपवर चित्रांचे फोटो बंद, रंग हाताशी राहू द्या, एवढंच सुचवलं. बाबांना ते फारसं पटलं नव्हतं.

काही महिन्यांनी आईचा फोन: गणिताच्या वहीची मागची पानं कार्टूननी भरलीत, सरांचंही एक आहे, आणि ती दाखवत नाही. म्हटलं, बघायला मागू नका. गणितासाठी दुसरी वही आणून द्या.