चेहऱ्यावरचे काळे ठिपके, पुटकुळ्या आणि डाग हे सगळं एकच असतं का?

मूळ एकच, रूपं वेगळी. त्वचेतलं तेल आणि मेलेल्या पेशी साचून रोमछिद्र बुजतं. त्याचं तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड, बंद राहिलं तर व्हाइटहेड. ब्लॅकहेडचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, त्यामुळे साबणाने घासघासून तो जात नाही, उलट कातडी सोलवटते. (कॉलेजात मी हाच उद्योग केला होता.)

आत सूज आली की लाल, दुखरी पुटकुळी. पू धरला की पिवळ्या तोंडाची. नखाने फोडलीत तर डाग ठरलेलाच. पण कातडीखाली खोलवर टणक, ठणकणारी गाठ लागत असेल, तर हळद-चंदन बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कायमचे खड्डे बहुतेक अशा गाठींच्या जागीच पडतात.

आता पुटकुळी गेल्यावर मागे उरणारा डाग. त्यावरून बोट फिरवून बघा. सपाट लागला आणि तपकिरी दिसला, तर तो नुसता रंग. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर असे डाग जास्त राहतात, पण काही महिन्यांत फिके पडतात. रोज सनस्क्रीन लावलं तर आणखी गडद होत नाहीत. बोटाला खळगा लागला तर तो व्रण, आणि जाहिरातीतली क्रीमं तो भरून काढत नाहीत.