शेवग्याचा पाला लेयरच्या (अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या) खाद्यात

भाऊ, सोयापेंडीचा भाव बघून सगळं खाद्य पाल्यावर न्यायचा विचार असेल, तर जरा थांबा. शेवग्याचा पाला सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो, अन् बलक पिवळा करणारं द्रव्यही त्याच्याबरोबर जातं. मुठीत चुरगाळल्यावर कुरकुर वाजला पाहिजे, मगच दळा. आपल्या निफाडच्या थंडीत दोन दिवस जास्तच धरा. 100 किलो खाद्यात 2 किलोपासून सुरुवात, हळूहळू 5 पर्यंत. त्यापुढे तंतू वाढतात, कोंबडीचं पोट भरतं पण अंडी घटतात. सुबाभळीचा पाला फुकट मिळतो म्हणून मी एकदा हात सैल सोडला होता. त्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी द्रव्यानं अंड्यांचे ट्रे रिकामे राहिले. आणि शिंपल्याचा चुरा कमी करू नका, निव्वळ पाल्यावर कवच धरत नाही.