“ह्यांना अडवू, की सोबत जाऊ?”

“मॅडम, बघवत नाही आणि न बघता राहवतही नाही. ह्यांना अडवू का?”

वैशालीताईंनी खुर्चीत बसता बसताच विचारलं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे.) पहाटे राजाराम तलावात पोहणारे आणि रविवारी पन्हाळ्याचा घाट सायकलने चढणारे लोक कोल्हापुरात आता बरेच आहेत. त्यांच्या घरची माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. बहुतेक बायका, कधी आई, क्वचित एखादा नवरा.

वैशालीताईंचे यजमान 47 वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप. गोव्याची हाफ आयर्नमन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची ट्रायथलॉन स्पर्धा, त्यांनी पूर्ण केली होती. मग नॉर्वेतल्या ‘नॉर्समन’ या त्याहून खडतर ट्रायथलॉनच्या सोडतीत नाव लागलं. घरात पेढे आले आणि त्याच रात्री ताईंची झोप उडाली. त्यांनी व्हिडिओ पाहिले होते. पहाटे पाच वाजता फेरीबोटीतून फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या, गार पाण्यात उडी, 3.8 किलोमीटर पोहणं, त्यानंतर डोंगराळ रस्त्यावर 180 किलोमीटर सायकल आणि मग 42.2 किलोमीटर धावणं. त्याचा शेवट गाउस्ताटोप्पन डोंगरावर, सुमारे 1,850 मीटर उंचीवर. शिवाय स्पर्धकाने आपला सपोर्ट स्वतःच आणायचा. तो गाडीने पुढे जाऊन ठरलेल्या जागी थांबतो, खाणं आणि कोरडे कपडे देतो, आणि शेवटच्या चढावर त्यातल्या एकाला स्पर्धकासोबत चालावं लागतं. हे काम आपली बायको करणार, हे यजमानांनी धरूनच टाकलं होतं.

“काही होणार तर नाही ना?” त्यांनी विचारलं. “काळजी करू नका” म्हणणं मला खोटं वाटलं असतं. ट्रायथलॉनमध्ये मृत्यू विरळाच, पण जे झाले त्यातले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात झालेत, आणि चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांनी हृदयाची तपासणी करून घेतलेली बरी, असं मी त्यांना सरळ सांगितलं. नुसतं ‘तब्येत ठणठणीत दिसते’ यावर जायचं नाही. हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन स्ट्रेस टेस्ट आणि टू-डी एको झाली, डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं. भीती थोडी उतरली. झोप मात्र आली नाही.

मग मी त्यांना डोळे मिटून स्पर्धेचा दिवस बघायला सांगितलं. तुम्ही कुठे आहात?

“मी नुसती उभी आहे. हातात ह्यांचं जॅकेट आहे.” बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मी घरातसुद्धा अशीच उभी आहे, मॅडम. किती वर्षं झाली.”

आणि मग सगळं बाहेर आलं. सायकलीवर गेलेले रविवार, सासूबाईंना दवाखान्यात एकटीनं नेणं, मुलीच्या दहावीच्या परीक्षेच्या दिवसांतही घरात फक्त ट्रेनिंगचं वेळापत्रक. हा राग होता, आणि तो काळजीचं लुगडं नेसून आला होता. आपल्याकडे बाईच्या काळजीला मान आहे, तिच्या रागाला नाही. म्हणून कुणी फार काळजी करतंय असं दिसलं की, भीती किती आणि न बोललेलं किती, हे मी आधी वेगळं करून बघते. भीतीला माहिती हवी असते. रागावर तपासणीचे रिपोर्ट चालत नाहीत.

दोघांना एकत्र बोलावलं. यजमान भला माणूस, ऐकून अवघडले. “तू कधी बोललीच नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कधी? सपोर्टला येशील का, हे तरी विचारलंत?”

त्यांनी तिथंच विचारलं. ताईंनी लगेच हो म्हटलं नाही, आणि मला ते फार चांगलं वाटलं. पुढच्या भेटीत त्या स्वतःच्या अटी घेऊन आल्या. रविवारी दुपारनंतर घर. दवाखान्याची पाळी दोघांत. नॉर्वेत गाडी चालवणं आणि डोंगर चढणं यजमानांच्या सायकलवाल्या मित्राकडे, खाणं आणि कपडे त्यांच्याकडे.

उरला सगळ्यांत अवघड प्रश्न. थांबवायचं कुणी आणि कधी? बघणाऱ्याला खरा छळ होतो तो याचाच. आपण थांबवलं आणि उगीच थांबवलं असं निघालं तर? नाही थांबवलं आणि काही झालं तर? हे ओझं त्या दिवशी एकट्या बायकोच्या डोक्यावर नसावं, म्हणून आम्ही ते आधीच कागदावर उतरवलं आणि डॉक्टरांना दाखवून घेतलं. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, जीभ जड होणं, साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर, झोकांड्या, किंवा अंग गारठलेलं असून कुडकुडणं थांबणं, यातलं काहीही दिसलं की स्पर्धकाशी चर्चा नाही. थेट वैद्यकीय पथकाला सांगायचं आणि निर्णय त्यांचा. यजमानांनी खाली सही केली. पण रडू येणं, चिडणं, “मला नको आता” म्हणणं, चेहरा उतरणं, एवढ्यावरून थांबवायचं नाही. बसवायचं, कोरडे कपडे, गरम सूप, दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचं. चढावर मध्येच “सोडता का?” विचारायचं नाही.

पाण्याचंही लिहून ठेवलं. आपल्याकडे माया म्हणजे आग्रह, “आणखी थोडं प्या.” पण तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून मीठ आणि पाणी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे, मायेप्रमाणे नाही.

जुलैत गगनबावड्याच्या रस्त्यावर रंगीत तालीम झाली. मुसळधार पाऊस, धुकं, यजमान सायकलवर, ताई गाडीजवळ थर्मास घेऊन. बोटं बधिर झाली की जॅकेटची चेन उघडत नाही, ती आपणच उघडायची, हे त्यांना तिथं कळलं. यजमान एकदा खेकसलेही. त्यावर ताई मला म्हणाल्या, “तिथं ह्यांचं बोलणं मनावर घ्यायचं नाही. घरी आल्यावर मात्र घेणार.” मला हे मनापासून पटलं.

पाण्यात सगळ्या टोप्या सारख्याच, तिथं आपलं माणूस शोधत बसू नका, तेवढ्या वेळात सायकलची पिशवी लावा, असंही मी सुचवलं होतं. मोबाइलवरच्या वेळा ठरावीक टप्प्यांवरच बदलतात. आकडा हलला नाही म्हणजे माणूस पडलं असं नाही. घरी राहून बघणाऱ्यांनी तर हे आधीच समजून घ्यावं. मुलगी कोल्हापुरात आजीजवळ होती, तिला ताईंनी निघण्यापूर्वीच सगळं समजावलं.

स्पर्धेत यजमान धावण्याच्या 32.5 किलोमीटरच्या टप्प्यावर पहिल्या 160 जणांत नव्हते. शिखरावर जाऊन काळा टी-शर्ट मिळतो तो त्या 160 जणांनाच. बाकीचे खालच्या मार्गाने अंतर पूर्ण करतात, त्यांना पांढरा. पूर्ण त्यांनीही केलं, पण रात्री ते खूप रडले. ताईंनी परतल्यावर मला सांगितलं, “मला आतून हायसं वाटलं होतं, मॅडम. डोंगर टळला म्हणून. आणि ह्यांच्याकडे बघून वाईटही वाटत होतं.” दोन्ही खरं होतं. त्यांनी “पुढच्या वेळी होईल” म्हटलं नाही, “पांढरा काय नि काळा काय” असंही म्हटलं नाही. शेजारी बसून राहिल्या. हायसं वाटल्याचं त्यांनी पुढं कधीतरी, माझ्यासमोर, यजमानांना सांगितलं. ते ऐकून घेणं त्यांना सोपं गेलं नाही, पण घेतलं.

आता यजमानांच्या मनात फ्रान्समधली आल्प द्युएझची ट्रायथलॉन घोळते आहे, जिथं सायकलचा शेवट 21 वळणांच्या चढावर होतो. मुलीची बारावी होईपर्यंत नाव नोंदवायचं नाही, असं ताईंचं म्हणणं. यजमानांना ते अजून पूर्ण पटलेलं नाही. पुढच्या महिन्यात दोघं मिळून त्यासाठीच येणार आहेत, आणि या वेळी भेटीची वेळ यजमानांनी घेतली आहे.